नेम आणि निग्रह

व्याख्यान संपते, आभार होतात, लोक चपला शोधू लागतात. आणि तेवढ्यात व्यासपीठाच्या पायरीपाशी चार-दोन मंडळी घुटमळताना दिसतात. सभेत उठून विचारण्याजोगे जे नसते, ते विचारण्यासाठी ती थांबलेली असतात. असाच एक तरुण एकदा आमच्यापाशी आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करण्याचे त्याचे ते तिसरे वर्ष होते. तो म्हणाला, "सर, रात्री ठरवतो की पहाटे पाचला उठायचे. उठतो तेव्हा आठ वाजलेले असतात. मग दिवसभर स्वतःचाच राग येतो, आणि त्या रागात उरलेला दिवसही जातो. घरचे म्हणतात, तुला निग्रहच नाही. आता मलाही तसेच वाटू लागले आहे. निग्रह वाढवायला उपाय काय?"

त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले, ते आठवले की आज संकोच वाटतो. "मन घट्ट करा," असे आम्ही सांगितले. त्याने नमस्कार केला आणि तो निघून गेला. घरी जाताना आमच्या ध्यानात आले, की एवढे तर त्याला ठाऊकच होते. मन घट्ट होत नाही, हेच तर त्याचे दुखणे होते. बुडणाऱ्याला काठावरून "पोहा, पोहा" म्हणून ओरडावे, तसला आमचा उपदेश झाला. त्या तरुणाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आज वाचकांपुढे मांडावे, असा विचार आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. निग्रह आणि नेम हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. निग्रह म्हणजे ओढ घेणाऱ्या मनाला त्या घडीला आवरून धरणे. नेम म्हणजे ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी करणे. निग्रहात झुंज असते. नेमात झुंज उरलेलीच नसते. घरातील आजी सकाळी स्नान करून तुळशीला पाणी घालते, तेव्हा ती मनाशी वादविवाद करीत बसत नाही. आज घालावे की न घालावे, हा प्रश्नच तिच्यापुढे उभा राहत नाही. तिला कोणी निग्रही म्हणत नाही. तीही स्वतःला म्हणवून घेत नाही. आणि तरीही चाळीस वर्षांत तिचे पाणी चुकलेले नसते. याउलट १ जानेवारीला नवी वही आणून "आजपासून रोजनिशी" असे मोठ्या अक्षरांत लिहिणारे आमच्यासारखे निग्रही पुरुष पुष्कळ. आमच्या कपाटात अशा चार-पाच वह्या आहेत. एकीतही जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडलेला नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बराच कीस काढला आहे. अमेरिकेत १९९८ साली रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ताज्या चॉकलेटी बिस्किटांचा वास सुटलेल्या खोलीत काही जणांना बिस्किटे न खाता नुसते मुळे खावयास सांगितले. नंतर सर्वांना न सुटणारी कोडी घातली. मुळे खाणाऱ्यांनी ती लवकर सोडून दिली. यावरून निग्रह हा स्नायूप्रमाणे थकतो, त्याचा साठा खर्चून संपतो, असा सिद्धांत मांडला गेला आणि तो बराच गाजला. पुढे २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर, याच सिद्धांताची निराळ्या कामांच्या साहाय्याने फेरतपासणी केली, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. तेव्हा निग्रहाचा साठा संपतो की नाही, याविषयी आज खात्रीने बोलता येत नाही. शास्त्रातही एका प्रयोगावर मदार ठेवून चालत नाही, एवढा धडा यातून घ्यावा.

पण दुसरी एक पाहणी आम्हांस अधिक बोधक वाटते. जर्मनीत दोनशेंहून अधिक प्रौढ माणसांना दिवसातून अनेक वेळा विचारण्यात आले, की या क्षणी तुम्हांला कशाची इच्छा होत आहे, आणि ती तुम्ही आवरून धरीत आहात काय? या पाहणीचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी, की संयमी माणसे दिवसभर मोहाशी अधिक जोराने झगडत असतील. आढळले ते उलट. ज्यांचा आत्मसंयम मोठा, त्यांना झगडण्याचे प्रसंगच कमी येत होते. अभ्यासकांना यातून असे दिसते, की संयमी माणूस मोहाशी लढून जिंकतो त्यापेक्षा त्याच्या वाटेलाच कमी जातो. दिवसाची आखणीच तो अशी करतो, की कुस्ती खेळण्याची पाळी क्वचित यावी. मोबाईल उशाशी ठेवून तो न पाहण्याचा निश्चय करणारा माणूस निग्रही खरा. पण तो दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणारा माणूस शहाणा.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याइतके योग्य उदाहरण आमच्या डोळ्यांपुढे येत नाही. त्यांचा जन्म १८५८ चा. मुलगेपणी कोकणातील मुरूडहून सह्याद्री ओलांडून ते परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत अनेकांना माहीत आहे. आपण ती मुलांना निग्रहाचा नमुना म्हणून सांगतो. आम्हांस मात्र त्यांच्या पुढील आयुष्यातील एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते. पुण्याबाहेर हिंगण्यास विधवांच्या आश्रमाची झोपडी १९०० साली उभी राहिली. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. दिवसाचे काम आटोपून संध्याकाळी पायी हिंगण्यास जावयाचे, रात्री आश्रमात राहावयाचे, आणि सकाळी पुन्हा पायी पुण्यास यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पावसाळ्यात ती वाट चिखलाची. त्या वाटेवर कोणी टाळ्या वाजविण्यास उभे नव्हते. साताऱ्याची वाट एकदाच चालावयाची होती. हिंगण्याची रोजची होती. एकदा मोठा डोंगर चढून जाणे हे पुष्कळांना जमते. तीच लहान टेकडी रोज चढणे थोड्यांना. १९१६ साली निघालेले महिला विद्यापीठ, १९५८ साली मिळालेला ‘भारतरत्न’ हा सन्मान, हे सर्व लोकांना दिसते. त्याखाली ही रोजची पायपीट आहे, ती दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, कर्वे ते कर्वे; आम्ही सामान्य माणसे. तेव्हा सामान्य माणसाला नेम कसा लागतो, ते पाहू.

एकवीस दिवस एखादी गोष्ट केली की ती अंगवळणी पडते, असे सर्रास सांगितले जाते. त्याला फारसा आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाण्णव स्वयंसेवकांना बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करावयास सांगितली. कोणी जेवणाबरोबर पाणी पिण्याचे ठरविले, कोणी फळ खाण्याचे, कोणी व्यायामाचे. २००९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. ती गोष्ट आपोआप होऊ लागण्यास मध्यम मानाने सहासष्ट दिवस लागतात असे दिसले. पण कोणाला अठराच दिवस पुरे झाले, तर कोणाच्या बाबतीत हिशेबाने दोनशे चोपन्न दिवस येत होते. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला वेळ लागला. तेव्हा ज्याला तीन आठवड्यांत नेम लागत नाही, त्याच्यात काही उणीव आहे असे मुळीच नाही. त्याला पेरणीनंतर थोडे अधिक थांबावयाचे आहे, इतकेच.

या प्रयोगातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येकाने आपली नवी गोष्ट आधीच्या ठरलेल्या गोष्टीला बांधली होती: दुपारच्या जेवणाबरोबर, न्याहारीनंतर, अशी. आपल्या आज्यांनी हेच केले होते. स्नानानंतर तुळस, दिवेलागणीला शुभंकरोती. घड्याळ नसलेल्या घरातही हे नेम चालत, कारण एक काम दुसऱ्याचा हात धरून येई. "उद्यापासून वाचन वाढवीन" हा संकल्प हवेत लोंबकळत राहतो. "सकाळचा चहा झाला की कप खाली ठेवून चार पाने वाचीन" या संकल्पाला जागा असते, वेळ असते आणि माप असते. माप लहान असावे. चार पाने वाचणारा पुढे चाळीस वाचू शकतो; पहिल्याच दिवशी चाळीसचे माप धरणारा चौथ्या दिवशी पुस्तकच टाळू लागतो.

नेमाला संगतही लागते. एकटा माणूस किती दिवस नेमाने चालेल हे सांगता येत नाही. पण तोच दिंडीत असला की चालतो. वारकरी वारी चुकवीत नाही, यात त्याची श्रद्धा आहेच. पण दिंडीतील आपली जागा आज रिकामी दिसेल, ही जाणीवही आहे. व्याख्यानमालांचेही तसेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेस आरंभ केला, तेव्हा व्याख्याने एकेकटीही करता आली असती. पण वसंत ऋतूत रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकत्र बसावयाचे, हा नेम त्यांनी गावाला लावून दिला. शेजारची खुर्ची रिकामी दिसली की "आज ते का बरे आले नाहीत?" असे आपण विचारतो. ही चौकशी हाच संगतीचा आधार.

परंतु नेम मोडतो. ठरवून, बांधून, संगतीत राहूनही मोडतो. आणि आमच्या मते खरी कसोटी इथे आहे. कारण माणसे नेम मोडल्याने वाया जात नाहीत, मोडल्यानंतर जे करतात त्याने जातात. त्या तरुणाचे पाहा. तीन तास झोपेत गेले, ते सकाळीच गेले. उरलेला दिवस गेला तो स्वतःवर रागावण्यात. चूक तीन तासांची. शिक्षा तेरा तासांची! लॅलीबाईंच्या प्रयोगात असे दिसले, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा येत नाही. म्हणजे एक दिवस बुडाला तर बिघडत नाही. ‘आता बुडालेच आहे’ असे म्हणून आठवडा बुडविला तर बिघडते.

या बाबतीत बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट मोठी गमतीची आहे. छापखान्यात काम करून वर आलेल्या या गृहस्थाने तरुणपणी संपूर्ण सद्गुणी होण्याचा बेत केला. तेरा गुणांची यादी केली, लहानशी वही आखली. दर आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे आणि चुकले की काळा ठिपका काढावयाचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. वही भरू लागली, तेव्हा आपल्या अंगी इतके दोष असतील असे वाटले नव्हते, हे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणी कबूल केले आहे. सर्वांत छळले ते व्यवस्थितपणाने. कागद जागच्या जागी ठेवणे त्याला म्हातारपणापर्यंत साधले नाही. आणि तरीही या खटाटोपामुळे आपण अधिक चांगले आणि अधिक सुखी झालो, असा निर्वाळा तो देतो. ठिपके काढणारी वही ही शिक्षेची वही नव्हे, हिशेबाची वही होय. वाण्याच्या वहीत उधारी दिसते म्हणून वाणी वही फाडून टाकीत नाही.

आता समतोलाकडे वळू. नेमाचे जसे ढिलेपण असते, तसा त्याचा अतिरेकही असतो, आणि चांगल्या माणसांना तोच अधिक फसवितो. बौद्ध ग्रंथांत सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. साधनेच्या भरात येरझारा घालता घालता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी मन शांत होईना. निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. बुद्धांनी त्याला त्याच्या पूर्वायुष्यातील वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? दोन्हींचे उत्तर नाही असेच होते. यातील मर्म असे, की तार किती ताणावी हे वाजणाऱ्या सुरावरून ठरवावयाचे, ताणणाऱ्याच्या हौसेवरून नव्हे. ज्या नेमाने माणूस चिडचिडा होतो, झोपेला मुकतो, घरच्यांशी बोलेनासा होतो, त्या नेमाची तार एक पीळ सैल केली पाहिजे. लोकमान्य टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष प्रकृती कमावण्यात घालविले. तालीम, पोहणे यांपुढे अभ्यास मागे पडला. त्या वेळी लोकांना तो कालापव्यय वाटला असेल. परंतु पुढे मंडालेच्या तुरुंगात मधुमेह जडलेल्या शरीराने त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत ‘गीतारहस्या’चा खर्डा पेन्सिलीने लिहून काढला, त्यामागे ती कमाई नव्हती असे कोण म्हणेल?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ती व्याख्यानांत सहसा बोलली जात नाही. एकाचा नेम पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो. पहाटे पाचला उठून लिहावयास बसणाऱ्या ग्रंथकाराच्या गौरवाची भाषणे आपण ऐकतो. त्या पहाटे त्याच्यापुढे चहा ठेवणारी साडेचारला उठली होती, हे कोणी बोलत नाही. कर्व्यांनी आपले सर्वस्व संस्थेला वाहिले, तेव्हा संसाराची ओढाताण त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांनी सोसली. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी आपली बाजू सांगितली आहे, आणि कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याने तेही जरूर वाचावे. एकाचे व्रत दुसऱ्याला उपास घडविते काय, हे व्रत घेणाऱ्याने पाहिले पाहिजे. आम्ही स्वतः एक वर्ष सकाळी लिहिण्याचा नेम मोठ्या अभिमानाने पाळला. तो कसा टिकला, हे आम्हांस नंतर घरूनच ऐकावे लागले: मुलांच्या शाळेची सगळी धांदल त्या वर्षी एकटीच्या अंगावर होती. तेव्हापासून आमचा नेम अर्धा तास उशिरा सुरू होतो. त्याने लेखनाचे नुकसान झालेले नाही. घरातील हवा मात्र सुधारली आहे. स्वतःची वाढ आणि घराचा समतोल या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलाव्या लागतात.

शेवटी नेमाच्या मर्यादेविषयी. अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून एक प्रयोग केला होता. आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. थांबणारी मुले पुढे आयुष्यात अधिक यशस्वी झाली, असे त्यावरून जगभर सांगितले गेले. पुढे २०१८ साली नऊशेंहून अधिक मुलांच्या माहितीवरून हा संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो पूर्वीच्या मानाने बराच कमी निघाला. आणि घरची परिस्थिती जमेस धरल्यावर तर फारच थोडा उरला. याचा अर्थ उघड आहे. ज्या घरात उद्याच्या खाऊची खात्री आहे, तेथील मुलाला थांबणे सोपे. मूळ प्रयोगातली आमच्या आवडीची गोष्ट निराळीच आहे: खाऊ झाकून ठेवला की मुले पुष्कळ अधिक वेळ थांबत. मुलांचे मन बदलले नव्हते. फक्त झाकण ठेवले होते.

तेव्हा तो तरुण आज पुन्हा भेटला, तर आम्ही त्याला मन घट्ट करावयास सांगणार नाही. आम्ही विचारू, की रात्री झोपतोस किती वाजता? मोबाईल कोठे ठेवतोस? अभ्यासाला संगत कोणाची आहे? पाचचा हट्ट सोड; सातला ऊठ, आणि चहानंतर एक तास ठरलेल्या जागी बैस. उद्या चुकलास तर रागाला पाच मिनिटे दे आणि दुपारी पुन्हा बैस. आणि आणखी एक गोष्ट त्याला सांगू. ती त्या दिवशी सांगावयास हवी होती. जागा थोड्या आणि उमेदवार अगणित, अशा परीक्षेत अपयश आले, तर तो निग्रहाच्या अभावाचा पुरावा होत नाही. उत्तम नेम पाळणारेही तेथे मागे राहतात. निकाल आपल्या हाती नसतो. सकाळचा एक तास असतो. ती परीक्षा उद्या सुटली तरी त्या तासाची सवय त्याच्यापाशीच राहील, आणि पुढे जे काम तो हाती घेईल, त्याच्या उपयोगी पडेल.

हे सांगण्यास आम्ही उशीर केला. तो तरुण कोठे असेल, कोण जाणे. पण प्रत्येक व्याख्यानानंतर पायरीपाशी कोणी ना कोणी थांबलेले असते. त्याला उत्तर देण्यापूर्वी त्याचे पुरते ऐकून घ्यावयाचे, हा आता आमचा नेम आहे.